मातुगेनस, बाप आल्बिनस

लंडनच्या वायव्येला एजवेअरहून एल्स्ट्रीकडे निघालो की ए-५ रस्ता ब्रॉकली हिलचा चढ चढतो. एजवेअर-स्टॅनमोर भागात यहुदी वस्ती मोठी, सिनेगॉगही आहेत; पण या टेकडीच्या पोटात काय होते ते आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक. रस्ता मुळात रोमनांचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे इथे कुंभारांच्या भट्ट्या पेटत होत्या. १९३७ मध्ये आणि पुढे महायुद्धानंतर खोदकाम झाले, तेव्हा भट्ट्यांचे अवशेष आणि खापरांचे ढीग निघाले.

इथला खास माल म्हणजे मॉर्टेरियम: जाड काठाचे, ओतायला तोंड असलेले मोठे वाडगे. वाटण नीट व्हावे म्हणून आतल्या बाजूला खडे रुतवलेले. आपल्याकडे पाटा-वरवंटा करतो तेच काम. ही भांडी लंडनला तर जातच, पण उत्तरेकडच्या लष्करी ठाण्यांपर्यंतही पोचत.

काठावर कुंभार आपल्या नावाचा छाप उठवी. आल्बिनस, डोइनस, मातुगेनस. यांतल्या मातुगेनसचा खुद्द ठसाच ब्रॉकली हिलला सापडला, आणि त्याच्या छापांत बापाचे नावही येते: आल्बिनस. गंमत अशी, की बापाचे नाव लॅटिन आणि मुलाचे केल्टिक, म्हणजे जुन्या स्थानिक भाषेतले. राज्य तर रोमनांचेच होते! नुसती दोन नावे वाचून हे बापलेक असतील असे कोणाच्या मनात आले नसते.

आपल्याला यात नवल वाटू नये. १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधणारे सामुएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी. सामुएलचा सामाजी, अब्राहामचा अबाजी, मोशेचा मुसाजी. कोकणात नावाला 'जी' लागला म्हणून शब्बाथ सुटला नाही. आता नातवंडांची नावे इंग्रजी झाली म्हणून आपल्यातले वडीलधारे हळहळतात. आम्हाला त्याची तेवढी काळजी वाटत नाही. काळजी आहे ती बापाचे नाव लिहिलेला छाप हरवण्याची.

तो छाप आपल्याकडेही आहे. कोकणातून, मुंबईतून इथे आलेल्या घरांत लग्नातली तांब्यापितळेची भांडी अजून माळ्यावर असतील. त्यांवर टिंबाटिंबांनी नाव घातलेले असते, कधी देणाऱ्याचे, कधी तारखेसह. चिंच लावून घासण्याआधी ते नाव जसेच्या तसे, 'जी'सकट आणि गावाच्या 'कर'सकट, वहीत उतरवून ठेवा.