एचआर सॉफ्टवेअरमध्ये तुमची माहिती कशी साठवतात? पर्सनल डेटा टेबलचा सेटअप, सोप्या मराठीत

नोकरी लागली की ऑफर लेटरच्या पाठोपाठ एक लिंक येते. नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन, आधार, बँक खातं, नॉमिनी... आपण मोबाइलवर दहा मिनिटांत सगळं भरतो, सबमिट करतो आणि विसरून जातो. सॉफ्टवेअर मात्र ते विसरत नाही. तुमचा पगार, पीएफ, फॉर्म १६, मेडिकल इन्शुरन्स आणि नोकरी सोडताना मिळणारं एक्स्पीरियन्स लेटर, हे सगळं त्या दहा मिनिटांत भरलेल्या माहितीवर चालतं. ती माहिती जिथे बसते त्याला म्हणतात पर्सनल डेटा टेबल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं रोजचं बरंचसं काम अशाच टेबल्सवर असतं. ही टेबल्स कशी उभी करतात, कुठे गडबड होते आणि तुम्ही तुमच्या बाजूने काय तपासायचं, ते आज बघूया.

एकच मोठं शीट का नको?

टेबल म्हणजे एक्सेलसारखाच तक्ता. आडव्या ओळी म्हणजे रो, उभे रकाने म्हणजे कॉलम. मग प्रत्येक माणसाची एक रो केली की झालं, नाही का?

नाही. एका माणसाचे पत्ते दोन असतात, एक गावचा आणि एक पुण्यातल्या रूमचा. फोन दोन असतात. कुणाला एक मूल, कुणाला तीन. मग 'मूल १', 'मूल २', 'मूल ३' असे कॉलम करत बसणार का? म्हणून माहितीचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाचं वेगळं टेबल करतात. ही सगळी टेबल्स एम्प्लॉयी आयडीने एकमेकांना जोडलेली असतात.

जर्मनीच्या सॅप कंपनीच्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये या गटांना 'इन्फोटाइप' म्हणतात आणि प्रत्येकाला चार आकडी नंबर असतो. काही नेहमीचे नंबर असे:

०००१ : कंपनीतलं स्थान, म्हणजे विभाग, पद वगैरे
०००२ : वैयक्तिक माहिती, म्हणजे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती
०००६ : पत्ते
०००९ : बँक खातं
००२१ : कुटुंबातल्या व्यक्ती

पीपलसॉफ्ट हे दुसरं जुनं नाव. ही कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये ओरॅकलने ती विकत घेतली. तिथे 'माणूस' आणि 'नोकरी' या दोन गोष्टी अगदी स्पष्टपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. माणूस एकच, आयडी एकच. एकाच माणसाकडे दोन जबाबदाऱ्या असतील तर नोकरीच्या रो दोन होतात, माणसाची रो एकच राहते. कुणी नोकरी सोडून दोन वर्षांनी परत आला तरी आयडी जुनाच वापरायचा. नवा आयडी दिला की एकाच माणसाच्या दोन फाइली तयार होतात आणि जुनी नोकरी, जुना पीएफ यांचा मेळ लागत नाही.

आता सेटअप कुठल्या क्रमाने करायचा ते बघू.

पायरी १ : आधी याद्या

माणसांची माहिती भरण्याआधी ड्रॉपडाउनच्या याद्या तयार कराव्या लागतात. राज्य, जिल्हा, बँक, रक्तगट, वैवाहिक स्थिती, नातं, ओळखपत्राचा प्रकार. यांना लुकअप टेबल म्हणतात. याद्या नसतील तर एक जण 'महाराष्ट्र' लिहितो, दुसरा 'एमएच' आणि तिसरा 'महा.'. मग रिपोर्टमध्ये एकाच राज्याची तीन राज्यं होतात.

या याद्याही बदलतात बरं का. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. म्हणून माणसाच्या रोमध्ये जिल्ह्याचं नाव न ठेवता जिल्ह्याचा कोड ठेवायचा. यादीत एका ठिकाणी नाव बदललं की सगळीकडे बदलतं.

पायरी २ : आयडी काय ठेवायचा?

नव्या लोकांना वाटतं, आधार नंबर सगळ्यांकडे आहे, तोच आयडी करूया. किंवा मोबाइल नंबर. दोन्ही नको. मोबाइल नंबर बदलतो आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. परदेशी कर्मचाऱ्याकडे आधार असेलच असं नाही. शिवाय आयडी प्रत्येक टेबलमध्ये जातो. म्हणजे आधारला आयडी केलं, तर ज्याला फक्त सुट्ट्यांचा रिपोर्ट बघायचाय त्यालाही सगळ्यांचे आधार नंबर दिसणार. आयडी असा असावा ज्याला काहीच अर्थ नाही. सॅपमध्ये तो नुसता आठ आकडी नंबर असतो.

पायरी ३ : नाव

सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. पण दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं. तामिळनाडूतल्या बऱ्याच लोकांना आडनाव नसतं, नुसता इनिशियल असतो. अशा वेळी आडनावाचा कॉलम सक्तीचा केला, तर लोक तिथे टिंब टाकतात किंवा पहिलंच नाव पुन्हा लिहितात. पुढे तेच टिंब इन्शुरन्स कार्डावर छापून येतं. म्हणून आडनाव सक्तीचं ठेवायचं नाही. त्याशिवाय 'ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव' असा एक वेगळा कॉलम ठेवायचा.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरलाय. कर्मचाऱ्यांच्या मुलांची नावं कुटुंबाच्या टेबलमध्ये आतापासूनच येतायत. म्हणजे नावाचे तीन कॉलम आता पुरत नाहीत.

मराठीत नाव साठवायचं असेल तर कॉलमची लांबी तपासा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. 'ज्ञानेश्वर' हे नाव १० चिन्हांचं, म्हणजे बरोबर ३० बाइट. कॉलम ३० बाइटचा असेल तर ज्ञानेश्वर मावतो, पण 'ज्ञानेश्वरी' मावत नाही! ओरॅकल डेटाबेसमध्ये लांबी मुद्दाम अक्षरांत सांगितली नाही तर ती सहसा बाइटमध्येच मोजली जाते.

याच नावाचं इंग्रजी स्पेलिंग आणखी गंमत करतं. आधारवर ते 'डी-एन-वाय'ने सुरू होतं आणि पॅनवर 'जी-वाय'ने. माणसाला कळतं की हे एकच नाव आहे, सॉफ्टवेअरला कळत नाही. पीएफचा यूएएन नंबर आधारशी जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळावं लागतं. तिथे एक अक्षर नडतं आणि हक्काचे पैसे अडकून पडतात.

पायरी ४ : 'कधीपासून?' हा कॉलम

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. चांगल्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये जुनी माहिती पुसत नाहीत, तिच्यापुढे नवी रो टाकतात. प्रत्येक रोला एक तारीख असते, इफेक्टिव्ह डेट, म्हणजे ही माहिती कधीपासून लागू आहे.

समजा तुमची ताई जून २०१९ ला कंपनीत लागली. लग्नानंतर तिने नाव बदललं आणि १ जानेवारी २०२३ पासून नवं नाव लागू झालं. टेबलमध्ये दोन रो हव्यात:

रो १ : माहेरचं नाव, ३ जून २०१९ ते ३१ डिसेंबर २०२२
रो २ : सासरचं नाव, १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर ९९९९

९९९९ ही चूक नाही. सॅपमध्ये 'पुढचा बदल होईपर्यंत' याचा अर्थ असाच लिहितात.

आता कुणी २०२१ चं पगारपत्रक मागितलं तर त्यावर त्या वेळचं नाव येईल. त्याऐवजी जुन्या नावावरच नवं नाव टाइप केलं असतं, तर जुनं नाव कधी होतं याचा पुरावाच सिस्टिममधून गेला असता. बँकेत होम लोनला किंवा व्हिसाला कागद देताना 'ही आणि ती एकच व्यक्ती' हे सिद्ध करत ताईलाच फिरावं लागलं असतं.

बँक खात्यालाही तारीख हवी. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि पुढे त्यांच्या शाखांचे आयएफएससी कोड बदलले. खातेदार तोच, कोड नवा.

उलट, जन्मतारीख बदलत नाही, ती फक्त दुरुस्त होते. आणि वय तर साठवायचंच नाही. ते जन्मतारखेवरून काढायचं, नाहीतर पुढच्या वर्षी चुकतंच.

पायरी ५ : चुका दारातच अडवा

फॉर्म सबमिट होतानाच काही तपासण्या लावता येतात:

पॅन : १० अक्षरं. आधी ५ अक्षरं, मग ४ आकडे, मग १ अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर 'पी' असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर.
आधार : १२ आकडे. शेवटचा आकडा हा आधीच्या ११ आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर लगेच कळतं.
आयएफएससी : ११ अक्षरं. पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे 'ओ' टाकतात.
पिन कोड : ६ आकडे.

पण तपासणी डोकं वापरून लावा. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन नंबर तोच राहतो, म्हणजे पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचंच असतं. तिथे 'चुकीचा पॅन' म्हणून फॉर्म अडवला तर त्या बाईने करायचं काय? अशा ठिकाणी फक्त सूचना दाखवायची, दार बंद करायचं नाही.

पायरी ६ : जुना डेटा आणताना

बहुतेक कंपन्यांचा जुना डेटा एक्सेलमध्ये असतो आणि खरे अपघात इथेच होतात. मी पाहिलेल्या एका कंपनीच्या फाइलमध्ये शून्याने सुरू होणाऱ्या खाते नंबरांची सुरुवातीची शून्यं गायब होती, कारण एक्सेल त्यांना साधी संख्या समजतं. शिवाय एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक असतं. १६ आकडी खाते नंबर संख्या म्हणून टाकला की शेवटचा आकडा शून्य होतो. उपाय सोपा आहे. खाते नंबर, फोन, आधार यांचे कॉलम भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. ज्याची बेरीज करायची नाही, ती संख्या नाहीच.

तारखांचंही तसंच. ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे? १३ तारखेच्या पुढचे जन्म चुकले तर एरर येते. १२ पर्यंतचे मात्र गुपचूप उलटे होऊन बसतात. म्हणून इम्पोर्टनंतर १ ते १२ तारखांचे जन्म हाताने तपासून बघा.

पायरी ७ : कुणाला काय दिसणार?

टीम लीडला तुमचा फोन नंबर हवा, बँक खातं नको. इन्शुरन्सवाल्याला कुटुंबाची माहिती हवी, पगार नको. म्हणून प्रत्येक टेबलला वेगळी परवानगी देतात, आधारचे फक्त शेवटचे ४ आकडे दाखवतात आणि कुणी काय बदललं याची नोंद ठेवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिलेला आहे. तो हक्क पाळायचा तर सिस्टिममध्ये तशी सोय आधीपासूनच हवी.

तुम्ही आज काय तपासायचं?

कंपनीचं एचआर अॅप उघडा आणि प्रोफाइलमध्ये जा.

१. नाव आणि जन्मतारीख आधार, पॅन आणि यूएएनशी अक्षर न् अक्षर जुळते का?
२. खाते नंबर आणि आयएफएससी पासबुक समोर ठेवून वाचा.
३. नॉमिनी अजून तोच हवाय का? लग्न झालं असेल तर हे नक्की बघा.
४. इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा नंबर चालू आहे का?
५. काही बदलून घेताना एचआरला विचारा, 'हे कुठल्या तारखेपासून लागू होणार?' आणि उत्तर ईमेलवर घ्या.

स्वतः करून बघायचं असेल तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं 'फ्रॅपे एचआर' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून बघता येतं. तेवढं नको असेल तर फोनवर गूगल शीट्स उघडा आणि तुमच्या गणपती मंडळाच्या सभासदांची माहिती मांडा: एका टॅबमध्ये माणसं, दुसऱ्यात पत्ते, तिसऱ्यात पदं, आणि पत्ते व पदं यांना 'कधीपासून' हा कॉलम. पुढच्या वर्षी खजिनदार बदलला की जुनं नाव पुसू नका, खाली नवी रो टाका. दोन-तीन वर्षांनी जुना हिशोब कुणाच्या काळातला, यावर वाद निघाला तर उत्तर त्या शीटमध्ये सापडेल.