घरातील प्रेक्षक आणि कायद्याची क्रियापदे

कोल्हापूर हे मराठी चित्रपटाचे एक आद्य निर्मितिस्थान होय. ‘प्रभात फिल्म कंपनी’ची स्थापना १९२९ मध्ये येथे झाली आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपटही येथेच तयार झाला. त्या काळी चित्रपट पाहावयाचा तर घराबाहेर पडणे भाग होते. आज दूरचित्रवाणीच्या मागे खोचलेल्या बोटभर यंत्रातून तो घरातच अवतरतो. अशा यंत्रासंबंधी घरोघरी प्रथम विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, हे यंत्र ठेवणे कायदेशीर आहे काय? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो एका जुन्या कायद्याच्या भाषेतून आलेला आहे. गेल्या नव्वद वर्षांत घरगुती करमणुकीविषयीच्या कायद्याचे मुख्य क्रियापदच बदलले आहे. हा बदल ध्यानात घेतल्याविना कायद्याच्या मर्यादेत राहणे म्हणजे नेमके काय, हे उमजत नाही.

पहिले क्रियापद ‘बाळगणे’ हे होते. १ जानेवारी १९३४ पासून अमलात आलेल्या १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये परवान्यावाचून रेडिओ बाळगणे हाच अपराध ठरला. पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत, तर पुढील प्रत्येक अपराधास अडीचशे रुपयांपर्यंत दंड होता. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले; त्यानंतर येथील रेडिओधारकासही पोस्टात जाऊन दरसाल परवाना नवा करून घ्यावा लागे. रेडिओवर काय ऐकले, याच्याशी या कायद्यास कर्तव्य नव्हते. कपाटावरील पेटी परवान्याची आहे की नाही, एवढेच तो पाहत असे. १९८० च्या दशकात ही परवानापद्धती संपुष्टात आली. परवाना गेला, तरी यंत्रालाच निर्दोष वा सदोष मानण्याची सवय मात्र मागे राहिली.

दुसरे क्रियापद ‘नक्कल करणे’. व्हिडिओ यंत्र घरात येताच चित्रपटाची प्रत काढणे कोणासही शक्य झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी, घरी पुढे सवडीने पाहण्याकरिता केलेले कार्यक्रमाचे मुद्रण न्याय्य ठरविले आणि असे यंत्र विकणाऱ्यास दोषमुक्त केले. त्याच वर्षी भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा प्रतींच्या व्यापाराविरुद्धची शिक्षा कडक झाली : किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास, तसेच पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्हिडिओ यंत्र दोन्ही देशांत निर्दोषच राहिले. फरक केवळ कृतीत होता.

तिसरे क्रियापद ‘लोकांपर्यंत पोचविणे’. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९८९ मध्ये गरवारे प्लॅस्टिक्स विरुद्ध टेलीलिंक हा वाद आला. केबलचालक वर्गणीदारांच्या घरी चित्रपट दाखवीत होते. प्रेक्षक आपापल्या घरात बसलेला आहे, मग तो ‘लोक’ कसा, असा प्रश्न होता. न्यायालयाने या घरोघरच्या वर्गणीदारांस ‘लोक’ या संज्ञेत समाविष्ट केले. भाषाभ्यासकास हा निर्णय विशेष उद्बोधक वाटावा. कारण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ येथे स्थळावरून निघून संबंधावर आला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने एकाहून अधिक घरांत, तसेच हॉटेल वा वसतिगृहाच्या खोल्यांतही एकाच वेळी केलेले प्रक्षेपण लोकांपर्यंत पोचविणेच होय, असे स्पष्ट केले. एकाच्या वर्गणीवर संपूर्ण वसतिगृहास चित्रपट पुरविणारा विद्यार्थी या व्याख्येबाहेर राहत नाही.

चौथे क्रियापद २१ जून २०१२ पासून आले : ‘कुलूप तोडणे’. हक्कभंगाच्या हेतूने कृतीभोवतीचे तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीने खाजगी उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराची सवलत चित्रपटासही मिळाली, हे विसरता कामा नये. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटासंबंधीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, अपराध केवळ पाहण्यात नसून अनधिकृत वितरणात व सार्वजनिक प्रदर्शनात आहे, असे निरीक्षण नोंदविले. युरोपीय न्यायालयाने मात्र २६ एप्रिल २०१७ रोजी अधिक कठोर भूमिका घेतली. अनधिकृत स्थळांचे दुवे आधीच भरून ठेवलेली यंत्रे विकणे म्हणजे चित्रपट लोकांपर्यंत पोचविणे होय, असे ठरवून त्याने अशा स्थळांवरून प्रवाहरूपाने पाहणाऱ्यासही सवलत नाकारली. तो निर्णय भारतास बंधनकारक नाही. परंतु यंत्र तेच असूनही त्यात भरलेल्या मजकुरामुळे त्याचे कायदेशीर रूप पालटते, हे त्यावरून दिसून येते.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, ‘यंत्र कायदेशीर आहे काय’ हा परवान्याच्या काळातील प्रश्न आज अपुरा आहे. आज विचारावयाचे प्रश्न तीन : चित्रपट कोणाच्या संमतीने येत आहे, त्याची प्रत उरते काय, आणि तो या घरातून पुढे कोणाकडे जातो. पूर्वी पोस्टातील कारकून जी शहानिशा करीत असे, ती आता गृहस्थावर येऊन पडली आहे.

या शहानिशेचे मोल कोल्हापुरास परके नाही. ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी व्ही. शांताराम यांच्या १९७२ च्या ‘पिंजरा’ची गीते कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर यांनी लिहिली. चित्रपटावरील हक्काची साठ वर्षांची मुदत २०३२ अखेर भरेल. गीतांची मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे २०७१ अखेर. चित्रपटगृहाबाहेरील उपयोगापासून येणाऱ्या मानधनात गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा २०१२ च्या दुरुस्तीने मान्य केला आणि तो हक्क निर्मात्यास लिहून देण्यास मनाई केली. खेबुडकर त्यापूर्वीच, ३ मे २०११ रोजी निवर्तले होते. घरातील पडदा हे आता गीतकाराच्या उत्पन्नाचे कायद्याने मान्य केलेले साधन आहे. अनधिकृत मार्गाने तेथे पोचलेल्या चित्रपटातून गीतकाराचा हा वाटा निघत नाही.