अक्षतांचे चौकोन

कोरी डीव्हीडी घेताना पाकिटावर प्लस आहे की मायनस ते बघून घ्यायचे दिवस आठवतात? दुकानदार विचारायचा, "प्लस देऊ का मायनस?" आणि आपण त्यालाच विचारायचो, "चांगली कुठली?"

भांडण मोठ्यांचं होतं. पायोनियरने १९९७ साली डीव्हीडी-आर आणली, १९९९च्या अखेरीस जपानमध्ये घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरही काढला. पॅनासॉनिकच्या गटाची डीव्हीडी-रॅम १९९८ची. लाखभर वेळा पुसून लिहा, पण शेजाऱ्याच्या प्लेअरवर ती बहुधा चालायची नाही. मग फिलिप्स, सोनी वगैरेंनी वेगळी चूल मांडून २००१ मध्ये डीव्हीडी+आरडब्ल्यू आणि २००२ मध्ये डीव्हीडी+आर बाजारात आणली. क्षमता दोन्हीकडे तीच, ४.७ जीबी. लवकरच दोन्ही लिहिणारे ड्राइव्ह आले आणि भांडणातला अर्थच गेला.

खरं सांगायचं तर नाशिकला, आमच्या द्वारकेच्या बाजूला, हा प्रश्न कधी नीट पोचलाच नाही. टीव्हीवरची मालिका डिस्कवर उतरवून ठेवणारं घर माझ्या पाहण्यात एकही नाही. रेकॉर्डर असायचा तो फोटो स्टुडिओत, आणि काम एकच: लग्नाच्या जुन्या कॅसेटी "सीडीवर करून देणे".

इथे खरी गोम होती. सीडी म्हणजे व्हीसीडी. तिच्यात चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे डीव्हीडीच्या साधारण चौथा हिस्सा. टीव्हीवर सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं येतात, त्यातली पंचवीस सरळ टाकून दिलेली. शिवाय एमपेग-१ ची पद्धत अशी की आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच लिहायचं. माणूस पाटावर शांत बसलाय तोवर ठीक. पण "शुभमंगल सावधान" झालं की हॉलभर हजारो दाणे एकदम उडतात, सगळंच बदलतं, आणि ठरलेल्या जागेत ते मावत नाही. मग चित्राचे चौकोन होतात. लग्नातला नेमका तोच क्षण!

आत्याचं लग्न १९९१ चं. आजोबांचं हलतं-बोलतं चित्र जगात तेवढं एकच, अंतरपाटामागे उभे, डोळे पुसताना. २००१ च्या व्हीसीडीत त्या जागी आजोबांच्या चेहऱ्याचे आठ-दहा चौकोन दिसतात. २००५ मध्ये तीच कॅसेट दुसऱ्या एका स्टुडिओतून डीव्हीडीवर घेतली. कॅसेट तीन तासांची, डिस्कवर चांगल्या दर्जाचे दोनच तास मावतात. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, लाँग प्लेवर टाकतो, एकीतच बसेल." वडिलांनी दोन डिस्क घ्यायला लावल्या. माझ्या मते सगळ्या प्लस-मायनसपेक्षा मोठा निर्णय तो होता. त्या डीव्हीडीत अक्षता अक्षतांसारख्या दिसतात, आणि आजोबा आजोबांसारखे.

तेव्हा बऱ्याच घरांनी "आता सीडी आहे ना" म्हणून कॅसेटी भंगारात दिल्या. घरी लिहिलेली डिस्क छापलेल्या डिस्कसारखी नसते, तिच्यात रंगाचा थर असतो, लेसर तो थर भाजून खुणा करतो. उन्हात, दमटपणात तो थर बिघडतो. आमची व्हीसीडी २००८ मध्येच अडकायला लागली. (फाळक्यांनी याच नाशकात चित्रपट काढले, पण त्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण उरलेला नाही. तिथे आपल्या कॅसेटची काय कथा!)

असो. कॅसेट आम्ही ठेवली आहे. पण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे दोन्ही डीव्हीडी मी संगणकात उतरवून घेतल्या आणि एक प्रत आत्याकडे दिली. ती आजोबांपाशी थांबवते, मागे नेते, पुन्हा लावते. नवऱ्यामुलाकडे तिचं अजून लक्ष गेलेलं नाही.