प्रोसेसरचे तापमान : आकडा कशापासून मोजलेला?

समजा, मे महिन्यातली दुपार आहे. सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला आहे आणि भिंतीवरचा तापमापक ३२ अंश सेल्सिअस दाखवतो आहे. तुम्ही लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा देता आणि प्रोसेसरचे तापमान येते २४ अंश. पंख्याच्या हवेने थंड होणारी वस्तू त्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. म्हणजे आकड्यातच काहीतरी चुकले आहे. माझे विद्यार्थी अशा वेळी आधी थर्मल पेस्टची ट्यूब शोधतात. चालत्या सर्व्हरचा हीटसिंक उचकटण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू. हा आकडा जिथून येतो ती जागा गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलली आणि तिच्याबरोबर चुकण्याची तऱ्हाही बदलली.

१९९०च्या दशकात बहुतेक प्रोसेसरच्या आत वाचता येईल असा सेन्सर नव्हता. मदरबोर्डवर नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम७८ सारखी देखरेखीची चिप असे आणि सॉकेटच्या मधल्या पोकळीत एक थर्मिस्टर बसवलेला असे. तो प्रोसेसरच्या तळाला टेकलाच तर टेकला. त्यामुळे तो सिलिकॉनचे तापमान सांगत नसे. त्याच्या जवळपासच्या कशाचे तरी, कमी आणि उशिरा सांगे. लिनक्सचा एलएम-सेन्सर्स प्रकल्प याच काळातला. नावातले ‘एलएम’ त्या चिपांच्या नावांतून आले आहे.

या उशिराची किंमत सप्टेंबर २००१ मध्ये सर्वांना दिसली. टॉम्स हार्डवेअरने चालत्या संगणकांचे हीटसिंक काढून त्याचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. पेंटियम ४ ने स्वतःचा वेग कमी केला आणि तो चालत राहिला; एथलॉन धूर काढून जळाला. बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. एथलॉन एमपीच्या आत तापमान मोजण्याचा डायोड होता, तरी तोही जळाला. डायोड वाचून वेळेत वीज तोडण्याचे काम मदरबोर्डवर सोडलेले होते.

हा डायोड नीट समजून घ्या, कारण तत्त्व सुंदर आहे. त्यातून दोन वेगवेगळे विद्युतप्रवाह सोडले की दोन व्होल्टेजमधला फरक निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्व्हिनच्या, प्रमाणात असतो. त्या सूत्रात आयडियॅलिटी फॅक्टर नावाचा एक गुणक येतो आणि तो चिपच्या घडणीनुसार किंचित बदलतो. वाचणाऱ्या चिपने तो फक्त एक टक्का चुकीचा धरला तर? ८० अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ३५३ केल्व्हिन. त्याचा एक टक्का म्हणजे साडेतीन अंश. सेन्सरही शाबूत, तारही शाबूत, आणि चूक साडेतीन अंशांची.

२००६ च्या सुमारास इंटेलने कोअर प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला डिजिटल सेन्सर दिला. आता प्रश्न मिटला असे वाटले. पण त्या रजिस्टरमध्ये तापमान नव्हतेच! कमाल मर्यादेपासून, म्हणजे टीजेमॅक्सपासून, आपण किती अंश खाली आहोत एवढेच त्यात लिहिलेले असे. टीजेमॅक्समधून तो आकडा वजा करायचा. पण डेस्कटॉप प्रोसेसरचे टीजेमॅक्स प्रसिद्धच केलेले नव्हते. कुणाचा प्रोग्राम ८५ धरे, कुणाचा १००. एकाच चिपची दोन तापमाने, पंधरा अंशांच्या फरकाने! २००८ मध्ये इंटेलने आकडे जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या नेहालेमपासून मर्यादा रजिस्टरमधूनच वाचता येऊ लागली. तरी हा सेन्सर मर्यादेजवळ अचूक राहावा म्हणून घडवलेला आहे. प्रोसेसर रिकामा बसलेला असताना येणाऱ्या आकड्यावर फार वाद घालू नये.

एएमडीने वेगळा मार्ग घेतला. २००७ च्या चार कोअरच्या ऑप्टेरॉनपासून टीकंट्रोल नावाचे मूल्य आले. ते अंशांत छापले जाते, पण ते भौतिक तापमान नाही. पंखे किती जोरात फिरवायचे हे ठरवण्यासाठीचे मोजमाप आहे. त्याची कमाल मर्यादा ७० धरलेली. अशा मोजपट्टीवर खोलीपेक्षा ‘गार’ आकडा येण्यात काहीच नवल नाही. भरीला इरेटम ३१९ : सॉकेट एफ आणि एएम२प्लसच्या या पिढीतल्या प्रोसेसरांचा आतला सेन्सर भरवशाचा नाही, असे एएमडीनेच नोंदवले. म्हणून लिनक्सचा के१०टेम्प ड्रायव्हर अशा चिपवर सक्ती केल्याशिवाय आकडा देतच नाही. २०१७ मध्ये रायझन १८००एक्सवर उलटे झाले. तिथे टीकंट्रोल खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी वर ठेवला होता, म्हणजे सगळ्या मॉडेलांना पंख्यांचे एकच धोरण चालावे. लोकांना वाटले, प्रोसेसर तापतो आहे. के१०टेम्प आता ती वजाबाकी स्वतः करतो. जुन्या कर्नेलमध्ये ती नाही.

सर्व्हरवर आणखी एक वाट असते. १९९८ च्या आयपीएमआय मानकानुसार बीएमसी हा स्वतंत्र छोटा नियंत्रक, ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता, सेन्सर वाचतो. मिळालेल्या बाइटला तो ठरलेले गुणक लावून अंश काढतो. म्हणून बीएमसीच्या पडद्यावरचा आकडा आणि लिनक्सचा आकडा जुळला नाही तर लगेच एकाला खोटे ठरवू नका. कुठे मर्यादेपासूनचे अंतर थेट ऋण आकड्यात छापतात, कुठे त्यात काहीतरी मिळवून.

आता आपला २४ अंशांचा सर्व्हर. समजा, तो सॉकेट एफचा जुना ऑप्टेरॉन निघाला आणि के१०टेम्पवर कुणीतरी कधीतरी सक्ती करून ठेवली आहे. ती काढा. मदरबोर्डच्या चिपचा किंवा बीएमसीचा आकडा घ्या, यंत्र रिकामे असताना एकदा आणि पूर्ण भारावर दहा मिनिटांनी एकदा. भाराबरोबर तो चढतो का, भार काढल्यावर उतरतो का, घड्याळाचा वेग मध्येच घसरतो का, हे वहीत लिहा. चढउतार ठीक असेल आणि वेग टिकून असेल, तर पेस्टची ट्यूब परत कपाटात ठेवा आणि एसीवाल्याला फोन करा.