गॅसचा वास

आमच्या घरी पहिला सिलिंडर आला, त्या दिवशी अम्मी नाकाला पदर लावून म्हणाली, "या मेल्या गॅसला वास तरी बरा द्यायचा होता!"

मंडळी, तो वास गॅसचा नव्हेच. इथाइल मरकॅप्टन नावाचे द्रव्य त्यात मुद्दाम घालतात. त्यामागे एक शाळा आहे.

अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन, तेलविहिरींचा मुलूख. वर्गावर्गांत गॅसचे हीटर. पैसे वाचावेत म्हणून १९३७ च्या आरंभी शाळेने विकतचा गॅस सोडला आणि तेलविहिरींतून फुकट जाणारा वायू नळाने आत घेतला. त्याला ना रंग, ना वास. तो गळून जमिनीखालच्या पोकळीत साचला. मुले डोके दुखते म्हणत. कारण कुणाला उमगले नाही. १८ मार्चला दुपारी, शाळा सुटायच्या सुमारास, कार्यशाळेत लाकूड घासायचे विजेचे यंत्र सुरू झाले. एक ठिणगी. सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुलेच. (वास आल्यास दिव्याच्या बटणाला हात लावू नका म्हणतात, ते याचसाठी.) त्याच वर्षी टेक्सासने गॅसला वास देण्याचा कायदा केला.

ही हकीकत अम्मीला सांगितली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "कितवीतली रे मुले?"

"पाचवीपासून पुढची."

त्या रात्री तिने उठून रेग्युलेटर पुन्हा एकदा पाहिला.