डोरोथी हेथकोट

डोरोथी हेथकोट (२९ ऑगस्ट १९२६ – ८ ऑक्टोबर २०११) या ब्रिटिश नाट्यशिक्षणतज्ज्ञ होत्या. शाळेतील नाट्य हे स्नेहसंमेलनातील प्रयोगापुरते मर्यादित नसून कोणताही विषय समजून घेण्याचे साधन आहे, हा विचार त्यांनी प्रत्यक्ष वर्गात शिकवून रुजवला. ‘भूमिकेतील शिक्षक’ आणि ‘मँटल ऑफ द एक्सपर्ट’ (तज्ज्ञाची झूल) या अध्यापनपद्धतींसाठी त्या ओळखल्या जातात.

सुरुवातीचे जीवन

हेथकोट यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील स्टीटन या गावी झाला. वयाच्या १४व्या वर्षी शाळा सोडून त्या लोकरीच्या गिरणीत माग चालवू लागल्या. १९व्या वर्षी त्यांना ब्रॅडफर्ड येथील नॉर्दर्न थिएटर स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. नाट्यक्षेत्रात जम न बसल्यास गिरणीतील तीन माग त्यांची वाट पाहत असतील, असे आश्वासन गिरणीमालकाने दिले होते. त्यांच्या कार्यावरील बीबीसीच्या १९७१च्या ‘थ्री लूम्स वेटिंग’ या माहितीपटाचे शीर्षक यावरूनच घेतले आहे.

अध्यापन कारकीर्द

विद्यापीठाची पदवी नसतानाही वयाच्या २४व्या वर्षी त्यांची न्यूकॅसल येथे शिक्षक-प्रशिक्षणासाठी नेमणूक झाली. ही संस्था त्या वेळी डरहॅम विद्यापीठाच्या अंतर्गत होती. १९६३ मध्ये न्यूकॅसल हे स्वतंत्र विद्यापीठ झाले. १९८६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. प्रशिक्षणार्थी शिक्षकांसमोर त्या स्वतः मुलांचे वर्ग घेत. सर्वसाधारण शाळांबरोबरच सुधारगृहातील मुले आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती यांच्यासोबतही त्यांनी काम केले.

अध्यापनपद्धती

‘भूमिकेतील शिक्षक’ या पद्धतीत शिक्षक बाहेरून सूचना न देता स्वतः नाट्यातील एक पात्र होतो. हे पात्र बहुधा सर्वज्ञ नसते. निरोप घेऊन आलेला दूत किंवा मदत मागणारा प्रवासी अशा भूमिकेमुळे निर्णयाची जबाबदारी मुलांवर येते. मध्येच नाट्य थांबवून घडलेल्या गोष्टीवर विचार करणे हा या पद्धतीचा आवश्यक भाग आहे.

‘मँटल ऑफ द एक्सपर्ट’ पद्धतीत संपूर्ण वर्ग एखाद्या काल्पनिक संस्थेतील जाणकारांची भूमिका घेतो. उदाहरणार्थ, वस्तुसंग्रहालय उभारण्याचे काम वर्गाकडे सोपवले, की मुलांना नकाशे काढावे लागतात, मापे घ्यावी लागतात, पत्रे लिहावी लागतात आणि इतिहास तपासावा लागतो. येथे प्रेक्षक नसतात. कामाचा दर्जा सांभाळण्याची गरज कथानकातूनच निर्माण होते.

लेखन

बेटी जेन वॅग्नर यांच्या १९७६च्या ग्रंथामुळे हेथकोट यांची पद्धत अमेरिकेतील शिक्षकांपर्यंत पोहोचली. गॅव्हिन बोल्टन यांच्यासह हेथकोट यांनी लिहिलेला ‘ड्रामा फॉर लर्निंग’ हा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

टीका आणि प्रभाव

डेव्हिड हॉर्नब्रुक यांनी १९८९ मध्ये या परंपरेवर कठोर टीका केली. नाट्याला केवळ शिकवण्याचे साधन मानल्याने अभिनय, नाट्यवाङ्मय आणि रंगभूमीचा इतिहास यांचे शिक्षण मागे पडते, असा त्यांचा आक्षेप होता. इंग्लंडच्या १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाट्याला स्वतंत्र विषयाचे स्थान न मिळता ते इंग्रजी विषयात समाविष्ट झाले. त्यामुळे नाट्य हा विषय की पद्धत, हा वाद नाट्यशिक्षकांच्या पदांशी आणि वेळापत्रकातील तासिकांशीही जोडला गेला. हेथकोट यांची पद्धत आजही अनेक देशांतील प्राथमिक शाळांत वापरली जाते.