छावणी, सरकी आणि हळद : हिंगोलीतील नव्या धंद्यांच्या भांडवलाचा इतिहास

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीच्या विभाजनातून निर्माण झाला आणि ‘स्टार्टअप’ हा शब्द 2016 च्या केंद्रीय योजनेनंतर तेथील तरुणांच्या तोंडी रुळला. मात्र अपुऱ्या भांडवलावर नवा धंदा उभा करण्याचा खटाटोप या भूमीला किमान दीडशे वर्षांपासून परिचित आहे. या काळातील व्यवहार पाहिले असता असे दिसते की, येथील धंदे कल्पनेअभावी फारसे अडले नाहीत. माल विकत घेण्याचा दिवस आणि त्या मालाचे पैसे हाती येण्याचा दिवस यांमधील अंतर कोणी भरून काढायचे, म्हणजेच आजच्या भाषेत खेळते भांडवल कोणी पुरवायचे, या प्रश्नावर त्यांचे यशापयश ठरत गेले.

एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेचे, एक लष्करी ठाणे होते. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, हे सर्वज्ञात आहे. त्या मानाने अशा छावणीचा भोवतालच्या बाजारावर होणारा परिणाम दुर्लक्षित राहिला. शेतकरी गिऱ्हाईक सुगीनंतर पैसे देई, तर शिपायाला ठरावीक पगार मिळे, त्यामुळे शिंपी, मोची, किराणा दुकानदार, गवत आणि लाकूड पुरवणारे ठेकेदार यांना अल्प भांडवलात व्यवसाय मांडता येण्याजोगी परिस्थिती छावणीच्या आश्रयाने निर्माण होत असे. हा आधार मात्र परावलंबी होता. 1902 च्या करारानंतर कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले, 1903 मध्ये ती फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीचा हुकमी गिऱ्हाईक निघून गेला.

बाजाराला दुसरा आधार कापसाचा होता आणि 1912 साली पूर्णा–हिंगोली हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाल्यावर तो अधिक बळकट झाला. कापसातून सरकी वेगळी काढून रुई मिळवणारा जिनिंगचा कारखाना वर्षातील मोजकेच महिने चालतो. त्यामुळे यंत्रांच्या किमतीपेक्षाही त्या महिन्यांत रोख खरेदी करण्याची ऐपत अधिक निर्णायक ठरते. त्यातही हिंगोलीसारख्या निजामी मुलखातील व्यापाऱ्यासमोर दोन खास अडचणी होत्या. संस्थानाचे नाणे हाली सिक्का असे आणि 100 कलदार रुपयांसाठी, म्हणजे इंग्रजी राज्यातील नाण्यांसाठी, सुमारे 116 ते 117 हाली मोजावे लागत. शिवाय सरहद्दीवर करोडगिरी, म्हणजे संस्थानी जकात, भरावी लागे. मुंबईकडे जाणारा माल मनमाडला मीटरगेजच्या डब्यातून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात चढवावा लागे, तो खर्च निराळाच. हुंडी, म्हणजे व्यापाऱ्यांमधील रक्कम देण्याची लेखी चिठ्ठी, वटवण्याइतकी पत आणि बाहेरच्या पेठांत ओळख असलेला सावकार-व्यापारीच हा भार सोसू शके; सामान्य शेतकऱ्याच्या वाट्याला त्याच सावकाराकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, येई, आणि उचल घेतलेला माल कोणाला विकायचा हे आधीच ठरलेले असे. 1930 च्या हैदराबाद बाजार कायद्याने वजनमापे आणि आडत, म्हणजे मध्यस्थाचे कमिशन, यांना नियम लावले, तरी पतपुरवठ्याची चावी आडत्याच्याच हाती राहिली.

1948 च्या पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर हाली सिक्का आणि करोडगिरी टप्प्याटप्प्याने इतिहासजमा झाली. परंतु 1972 साली महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू केल्यावर जिनिंगवाल्यांचे उद्योजकपणच आटले, कारण स्वतःच्या जोखमीवर कापूस घेण्याऐवजी सरकारी कापसाची सरकी ठरलेल्या दराने काढून देणे एवढेच काम त्यांच्याकडे उरले. शेतकऱ्याला हमी देणाऱ्या या योजनेने नव्या उद्योजकाची वाट अरुंद केली, हे तिच्या समर्थकांनी क्वचितच मान्य केले आहे.

पुढील टप्पा हळदीचा आहे आणि त्याचे मूळ पाण्यात आहे. येलदरी व सिद्धेश्वर या धरणांच्या पूर्णा प्रकल्पामुळे जिल्ह्यातील वसमत परिसरात बारमाही ओलिताची शेती शक्य झाली. त्यातून सहकारी साखर कारखानदारीप्रमाणेच नऊ महिन्यांचे हळदीचे पीकही वाढले. हळद काढल्यावर लगेच विकता येत नाही. ओले कंद शिजवावे लागतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवावे लागतात, नंतर फिरत्या ड्रममध्ये घासून पॉलिश करावे लागतात, आणि या प्रक्रियेअखेर ओल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हाती उरतो. प्रत्येक पायरीवर एक छोटा धंदा जन्मला. कढईची जागा वाफेच्या बॉयलरने घेतल्यानंतर बॉयलर ट्रॉलीवर बसवून शेतोशेती फिरणारा आणि शिजवणीचे भाडे आकारणारा तरुण हा या भागातील नवउद्यमीचा सर्वात अस्सल नमुना म्हणावा लागेल, जरी कोणत्याही सरकारी व्याख्येत तो बसत नसला तरी. त्याला माल विकत घ्यावा लागत नाही. केवळ यंत्राचे कर्ज फेडावे लागते, म्हणून तो टिकतो.

याउलट हळकुंडे खरेदी करून भुकटी विकू पाहणाऱ्याला जिनिंगवाल्याचीच जुनी अडचण भेडसावते. हंगामात बाजार समितीत रोख मोजावी लागते आणि पुड्यांचे पैसे मात्र पुढे कित्येक महिने थोडे थोडे येत राहतात. 1976 साली स्थापन झालेल्या मराठवाडा ग्रामीण बँकेमुळे गावात कर्ज पोहोचले, तरी त्यातील मोठा वाटा पीककर्जाचा होता. कंपनी कायद्यात 2002 साली झालेल्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनी हा नवा प्रकार आला, ज्यात किमान दहा उत्पादक एकत्र येऊन कंपनी नोंदवू शकतात आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते. ही लोकशाही रचना असली, तरी गुंतवणूकदाराला तिच्यात मताधिकार मिळत नसल्याने बाहेरचे भांडवल तिच्याकडे सहसा फिरकत नाही. 2024 साली वसमतच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन आणि वसमत येथील हरिद्रा संशोधन केंद्र यांमुळे नाव व तंत्र यांची बाजू सुधारली. रोकडीसाठी मात्र अनेक शेतकऱ्यांना पणन मंडळाच्या 1990-91 पासूनच्या शेतमाल तारण योजनेकडेच वळावे लागते, जिच्यात गोदामात ठेवलेल्या हळदीवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, आणि उरलेल्या रकमेसाठी पूर्वीप्रमाणेच आडत्याचे दार गाठले जाते.